घर आणि मैत्री वगळून बंधुता येणार नाही

चळवळीतला एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता गेला की शोकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते. "साहेबांनी आयुष्यभर घराकडे वळूनसुद्धा पाहिले नाही." सभागृह गंभीर होते, माना डोलतात. पुढच्या रांगेत बसलेली त्यांची पत्नी आणि मुले खाली मान घालून ऐकत राहतात. या वाक्यात गौरव आहे, हे मान्य. पण तेच वाक्य घरच्यांच्या बाजूने वाचा. मग ती तक्रार होते, आणि ती आजवर कुणी नोंदवून घेतलेली नाही.

मित्रांनो, मुद्दा सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. घराला आणि मित्रांना वेळ देणे म्हणजे चळवळीतून घेतलेली रजा नव्हे. ते चळवळीचेच काम आहे. स्वातंत्र्यासाठी कोर्टात जाता येते, समतेसाठी मोर्चा काढता येतो, कायदा करून घेता येतो. बंधुतेचा कायदा करता येत नाही. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपले तत्त्वज्ञान सांगितले. ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे ते म्हणाले. कायदा हे स्वातंत्र्याचे आणि समतेचे पुरेसे संरक्षण नाही, खरे संरक्षण बंधुतेत आहे, म्हणून त्यांनी बंधुतेला सर्वांत वरचे स्थान दिले. ज्या माणसाने देशाची घटना लिहिली, त्यानेच कायद्याची ही मर्यादा सांगितली.

मग प्रश्न असा की ही बंधुता येणार कुठून? देशाकडून आपण ती मागतो, सवर्ण समाजाकडून मागतो आणि मागितलीच पाहिजे. पण आपल्या घरात, आपल्या मित्रांत, आपल्याच दोन गटांच्या कार्यकर्त्यांमध्ये ती किती शिल्लक आहे?

"बाबासाहेबांनी कुठे घर पाहिले?"

घराचा विषय काढला की पहिले उत्तर हेच मिळते. बाबासाहेबांनी संसाराची होळी केली, रमाईने उपास काढले, चार लेकरे गेली, आणि तुम्ही आम्हाला बायको-मुलांना वेळ द्यायला सांगता?

हे उत्तर ऐकायला दमदार आहे, पण इतिहासाला धरून नाही.

रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही लेकरे गेली ती बाबासाहेबांना घराची पर्वा नव्हती म्हणून नाही. दारिद्र्याने आणि आजाराने ती ओढून नेली. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा हा बाप पार कोसळला होता. ते दुःख त्याने मन मोकळे करून लिहिले ते दत्तोबा पवार या मित्राला. ते पत्र वाचल्यावर कुणीही म्हणणार नाही की हा माणूस घरापासून अलिप्त होता. लंडनहून रमाईला लिहिलेली पत्रे आहेत. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. राजकारणावरचा इतका रोखठोक ग्रंथ, आणि त्याची अर्पणपत्रिका पत्नीच्या नावाची! तिच्या मनाचा मोठेपणा तर त्यात आहेच, पण जवळ कुणी मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या दिवसांत तिने आपल्यासोबत सोसायची तयारी ठेवली, याची कृतज्ञताही आहे.

ही अर्पणपत्रिका नीट समजून घ्या. घराने सोसले हा आपला पराक्रम आहे, असे त्यात कुठेही नाही. ते घराचे ऋण आहे, असे त्यात आहे. आपण मात्र त्या ऋणाला परवाना करून टाकले. बाबासाहेबांच्या घराने सोसले म्हणून माझ्याही घराने सोसावे, असा उलटा हिशेब मांडला.

रमाईंचा त्याग ही त्या काळाची सक्ती होती. शाळेचे, पाण्याचे, नोकरीचे सगळे दरवाजे बंद असलेल्या समाजाला एकट्या माणसाने वर काढायचे होते. पुढच्या पिढीच्या घरात औषधावाचून लेकरू जाऊ नये म्हणून तो त्याग होता. तो जसाच्या तसा पुन्हा करत बसावा म्हणून नव्हता. आज आपल्यापैकी अनेकांचे घराबाहेरचे तास कशात जातात, हे प्रामाणिकपणे पाहा. दोन तास उशिरा सुरू होणाऱ्या बैठका, स्वागताच्या हारतुऱ्यांत संपणारे कार्यक्रम, रात्री एक वाजेपर्यंत फोनवर चालणारी दोन गटांतली भांडणे. याला त्याग म्हणणे हा रमाईंचा अपमान आहे.

सिद्धार्थ रात्री पळून गेला नाही

दुसरा दाखला बुद्धाचा दिला जातो. सिद्धार्थाने झोपलेली पत्नी आणि तान्हे मूल सोडून मध्यरात्री घर सोडले, मग कार्यकर्त्याने घर सोडले तर काय बिघडले?

ही कथा बाबासाहेबांनी स्वीकारलेलीच नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' उघडा. तिथे सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादामुळे. युद्धाला तो विरोध करतो, संघाचे बहुमत त्याच्या विरोधात जाते, आणि तो परिव्रज्या पत्करतो. पण निघण्यापूर्वी तो आई-वडिलांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो. यशोधरा आपले मन मोकळे करते आणि त्याला निरोप देते. बाबासाहेबांच्या ग्रंथात यशोधरा झोपेत फसवली गेलेली बाई नाही. ती निर्णयात सहभागी असलेली सहचारिणी आहे.

बाबासाहेबांनी हा बदल सहज केला असेल का? मला तसे वाटत नाही. पारंपरिक कथा बुद्धीला पटत नाही, हे तर कारण आहेच. पण त्यातून नैतिक धडाही मिळतो. समाजासाठी घराबाहेर पडायचे असेल तरी घराशी बोलून पडा. ज्यांच्या आयुष्यावर तुमच्या निर्णयाचा परिणाम होणार आहे, त्यांना त्या निर्णयात जागा द्या. आपल्यातले किती कार्यकर्ते पुढच्या आठवड्यातले दौरे घरी विचारून ठरवतात? बहुतेक घरांत बाईला नवऱ्याचा कार्यक्रम कळतो तो पोस्टर व्हॉट्सअॅपवर आल्यानंतर.

याच ग्रंथात बाबासाहेबांनी गृहस्थांसाठीचा विनय स्वतंत्रपणे दिला आहे. आई-वडील आणि मुले, पती आणि पत्नी, मालक आणि नोकर यांनी एकमेकांशी कसे वागावे, हे त्यात आहे. तो उपदेश मूळचा दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तातला. सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना हात जोडत असे. बुद्धाने त्याला दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे शिक्षक, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र आणि सहकारी, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारी माणसे, आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. दिशांची पूजा म्हणजे या नात्यांतली कर्तव्ये पार पाडणे. कर्मकांडाच्या जागी नाती आणणारा हा धम्म आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन कर्मकांड सोडले. त्या मोकळ्या झालेल्या जागी नाती आणली का?

त्यागाचे बिल कोण भरते?

देशात २०१९ साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे पाहा. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवते. घरकामाला हात लावणारा पुरुष सरासरी ९७ मिनिटे. म्हणजे जवळपास पाच तास विरुद्ध दीड तास. आणि हे फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचे आहे. जे करतच नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. हे आकडे सगळ्या समाजाचे आहेत, आपले घर त्याला अपवाद आहे असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील?

कार्यकर्त्याला समाजकार्याला मिळणारा वेळ आकाशातून पडत नाही. तो कुणाच्या तरी श्रमातून निघतो. तो बैठकीत असतो तेव्हा मुलाचा अभ्यास कुणीतरी घेत असते, आजारी सासूला दवाखान्यात कुणीतरी नेत असते, गॅस सिलिंडर कुणीतरी लावत असते. मंचावर सत्कार एकाचा होतो, मजुरी दुसऱ्याची असते. श्रमाचे फळ श्रम करणाऱ्याला मिळाले पाहिजे, हे आपण जगाला सांगतो. मग घरातल्या या श्रमाचा हिशेब कधी होणार?

आणि एक गोष्ट विसरू नका. त्या बाईलाही चळवळीत यायचे असते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आणले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची कामगिरी त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केली. पुस्तकाच्या नावातला 'ही' बघा. त्या एका अक्षरात सगळी वेदना आहे. त्या स्त्रियांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले, आणि घरी येऊन चूलही पेटवली. त्यांच्या वाट्याला 'घराकडे पाहिले नाही' हा गौरव कधीच आला नाही. बाईने घराकडे पाहिले नाही तर तो गौरव नसतो, ठपका असतो. एकाच वाक्याचे दोन अर्थ होत असतील, पुरुषासाठी एक आणि बाईसाठी दुसरा, तर ती मनुस्मृतीच आहे. फक्त छापलेली नाही.

म्हणून पुरुष कार्यकर्त्याने घराला वेळ देणे म्हणजे बायकोवर उपकार नाहीत. रोज एक तास तो स्वयंपाकघरात उभा राहिला तर चळवळीला एक तास कमी होत नाही. तो तास त्याच्या पत्नीच्या, बहिणीच्या नावाने चळवळीला परत मिळू शकतो.

मित्र आणि 'आपली माणसे'

आता मैत्रीकडे येऊ. आपल्याकडे कार्यकर्ते पुष्कळ, पदाधिकारी त्याहून जास्त, पण मित्र कमी होत चालले आहेत. फोनमध्ये चाळीस ग्रुप असतात. रात्री दोन वाजता आईला दवाखान्यात न्यायचे असेल तर त्यातल्या कितीजणांना हक्काने फोन करता येईल?

बाबासाहेबांचे आयुष्य मित्रांनी उभे राहिलेले आहे, हे आपण फारसे सांगत नाही. कोलंबियात भेटलेला नवल भथेना हा पारशी मित्र पुढे पैशांच्या अडचणीत त्यांच्या मदतीला आला. महाडच्या लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला, ते जन्माने ब्राह्मण होते. दादासाहेब गायकवाडांना बाबासाहेबांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. त्यात राजकारण आहे, रागावणे आहे, आणि जिव्हाळाही आहे. ही नुसती 'नेता आणि अनुयायी' अशी नाती नव्हती. एवढ्या धकाधकीच्या आयुष्यातही या माणसाने पत्र लिहायला, भेटायला, विचारपूस करायला वेळ काढला. उतारवयात व्हायोलिन शिकायलाही वेळ काढला!

संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. आनंद म्हणतो, कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन. बुद्ध त्याला लगेच दुरुस्त करतो. अर्धे नव्हे, संपूर्ण. सन्मार्गावर सोबत देणारा, चुकले तर तोंडावर सांगणारा, आणि सांगितल्यावरही सोबत राहणारा तो कल्याणमित्र. सिगालोवाद सुत्तात खोटा मित्रही ओळखायला शिकवले आहे. फक्त घेणारा, फक्त बोलणारा, तोंडदेखली स्तुती करणारा, आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा, असे चार प्रकार. आपल्या संघटनांमध्ये तिसऱ्या प्रकाराची चलती आहे. 'साहेब, तुमच्यासारखे भाषण कुणाचे नाही' म्हणणारे भोवती असतात, आणि 'साहेब, आज तुम्ही चुकलात' म्हणणारा पुढच्या बैठकीला बोलावलाच जात नाही.

आपल्या फाटाफुटीचे कारण शोधताना आपण सत्ता, पैसा, काँग्रेसचे डाव, भाजपचे डाव असे सगळे सांगतो. ते खोटे नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले, ते मोजायला आता दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. १९७२ साली मुंबईतल्या तरुण लेखक-मित्रांनी दलित पँथर उभी केली आणि सगळ्या महाराष्ट्राला हादरा दिला. दोन-तीन वर्षांतच तिच्यात फूट पडली. वैचारिक मतभेद होते आणि ते महत्त्वाचेही होते. पण मतभेद झाले म्हणून एकमेकांच्या दारात जाणे का बंद व्हावे? ही सवय तेव्हापासून आजपर्यंत आपल्याला चिकटली आहे. पक्ष बदलला की लग्नाची पत्रिका बंद. गट बदलला की मयतीलाही येणे नाही, जलदान विधीलाही नाही. फेसबुकवर आपल्याच माणसाला 'दलाल' म्हणायला आपल्याला अर्धा मिनिट लागतो. त्याच माणसाला फोन करून 'तुझे म्हणणे काय आहे' हे विचारायला वर्ष उलटते.

संघटना फुटली तरी मैत्री टिकली तर पुन्हा एकत्र यायला वाट राहते. मैत्रीच जाळली की वाट उरत नाही. त्या दृष्टीने मैत्री ही चळवळीची राखीव ठेव आहे.

तरुणांसाठी तर हा प्रश्न जिवाचा आहे. गावातून, वस्तीतून मुलगा किंवा मुलगी पुण्यात स्पर्धा परीक्षेला जाते, आयआयटीत जाते, मेडिकलला जाते, कंपनीत लागते. तिथे आडनाव विचारले जाते, रँक विचारली जाते, 'कोट्यातून का?' हे न बोलता विचारले जाते. काही जण जात लपवून मैत्री करतात. ती मैत्री अर्धीच असते, कारण १४ एप्रिलला तुम्ही कुठे होता हे त्या मित्राला सांगता येत नाही. घरी खरे सांगावे तर आई-बापाला घोर लागतो. मग ते पोर एकटे पडते.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात वसतिगृहातून काढलेल्या पाच विद्यार्थ्यांनी आवारातच उघड्यावर मुक्काम ठोकला होता आणि त्या जागेला 'वेलिवाडा' म्हणजे दलित वस्ती असे नाव दिले होते. गावकुसाबाहेर ढकललेल्यांनी एकमेकांच्या आधाराने मांडलेली ती वस्ती होती. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. त्या मृत्यूची जबाबदारी व्यवस्थेची आहे, मित्रांची नाही, हे ठणकावून सांगितले पाहिजे. पण व्यवस्था बदलेपर्यंत आपल्या पोरांना जिवंत ठेवायचे आहे. ते काम परिपत्रके करणार नाहीत. 'जेवलास का?' असे रोज विचारणारा, आवाज बदललेला ओळखणारा, खोलीचे दार वाजवणारा मित्र ते काम करतो. प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक अभ्यासिकेत आपली संघटना असावीच. पण तिच्याही आधी तिथे आपल्यातल्या पाच-सात जणांचा असा गोतावळा असावा.

वेळ कुणी चोरला?

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, सगळे खरे, पण वेळ आहे कुठे? बारा तास ड्युटी, तीन तास लोकल आणि बस, घरी येऊन अंग टाकायचे. हा प्रश्न रास्त आहे. वेळ नसणे हा प्रत्येक वेळी माणसाचा दोष नसतो. वेळ लुटला जातो, आणि सर्वांत आधी गरिबाचा लुटला जातो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, हे सांगणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाची चिरफाड केली. यंत्रे सोडून चरख्याकडे, खेड्याकडे चला, या विचाराला त्यांचा विरोध कशासाठी होता? फुरसतीसाठी! जनावर पोट भरण्यापलीकडे जगत नाही. माणसाला मन आहे, त्याला संस्कृतीचे जीवन जगता आले पाहिजे, आणि त्यासाठी फुरसत हवी. यंत्र माणसाचे कष्ट कमी करून ती फुरसत देऊ शकते. समाजरचना अशी हवी की ही फुरसत मूठभरांच्या नव्हे तर सगळ्यांच्या वाट्याला यावी, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

आणि हे त्यांनी फक्त लिहिले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते. १९४६ च्या फॅक्टरी कायद्यातल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. सहा तासांचा हा फरक म्हणजे कामगाराला बायको-मुलांत, मित्रांत, वाचनात घालवता येणारी एक संध्याकाळ आहे.

आता आजचा महाराष्ट्र पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांमधली ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. कामगाराची संमती लागेल, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सांगितले गेले. कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय असते, हे ज्याने गेटवर उभे राहून काम मागितले आहे त्याला विचारा. गुंतवणूक यावी म्हणून हे केले, असे कारण दिले जाते. पण बापाचे तीन तास गेले की मुलाचे तीन तास जातात, हे त्या हिशेबात कुठेही धरलेले नाही. आपले भाऊबंद कुठे आहेत? साफसफाईच्या कंत्राटात, सिक्युरिटीच्या बारा तासांच्या पाळीत, गोदामात, मोटारसायकलवर पार्सल पोहोचवण्यात. त्यांच्या वेळेची लढाई ही आंबेडकरी चळवळीचीच लढाई आहे. 'कुटुंबाला वेळ द्या' हा उपदेश करून मोकळे होणारे खूप आहेत. आपण 'कुटुंबाला वेळ देता येईल अशी ड्युटी द्या' ही मागणी केली पाहिजे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका

'कुटुंबाला वेळ' या शब्दांचा गैरवापर करणारा एक वर्ग आपल्यात तयार झाला आहे, त्याच्याशीही बोलायला हवे. नोकरी लागली, फ्लॅट झाला, मुले इंग्रजी शाळेत गेली. आता वस्तीत जाणे नको, बैठक नको, वर्गणी मागायला आला की 'साहेब बाहेरगावी गेलेत'. विचारले तर उत्तर तयार असते, "फॅमिलीला वेळ द्यावा लागतो हो." १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती याच वर्गाबद्दल होती. शिकून मोठी झालेली माणसे समाजाचे देणे विसरली, हे दुःख त्यांना शेवटच्या वर्षात छळत होते.

म्हणून दोन्ही टोके नाकारू या. घराला तुडवून केलेले समाजकार्य नको, आणि समाजाला दार बंद करून केलेला संसारही नको. उपाय एकच, घर आणि चळवळ यांच्यातली भिंत पाडायची. घर चळवळीत आणायचे आणि चळवळीतला माणूस घरात आणायचा. आपल्या आज्या-आजोबांना हे कुणी शिकवावे लागले नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला ती माणसे अख्खे घर घेऊन जातात, भाकरी बांधून, लेकरू कडेवर घेऊन. तो आपल्या चळवळीचा मूळ नमुना आहे.

करता येण्यासारखे

नुसती टीका करून थांबणे बरे नाही. काही गोष्टी उद्यापासून करता येतील.

बैठक वेळेवर सुरू करा आणि वेळेवर संपवा. उशीर करणारा नेता पन्नास घरांचा वेळ खातो, हे त्याला सांगायची हिंमत ठेवा. रविवारची एक बैठक तरी विहारात सहकुटुंब घ्या. मुलांना सांभाळायची पाळी पुरुषांनी घ्या, म्हणजे बायकांना सतरंज्या आणि चहापलीकडे बैठकीत बसता येईल.

वर्षावासात विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. ऐकायला कोण असते? बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्या आणि बाया. तरुणांनो, त्या तीन महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ आईला किंवा आजीला घेऊन तिथे बसा. ग्रंथ कानावर पडेल, आणि आईसोबत एक तासही जाईल. घरी आल्यावर आजीला विचारा की नामांतराच्या वेळी आपल्या वस्तीत काय घडले होते. तिचे उत्तर मोबाईलमध्ये नोंदवून ठेवा. आपला इतिहास विद्यापीठे लिहिणार नाहीत, तो आपल्याच घरात बसलेला आहे आणि दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आहे.

रात्री जेवणाच्या वेळी फोन बाजूला ठेवा. तेवढ्या वेळात कुठलीही क्रांती थांबत नाही. गटबाजीत तुटलेल्या एका जुन्या मित्राला या महिन्यात स्वतःहून फोन करा. पक्षावर बोलू नका, त्याच्या आईची तब्येत विचारा. जातीबाहेरची मैत्री करा आणि ती उघडपणे करा, नाव-गाव-आडनाव सगळे सांगून. जो मित्र जयभीम ऐकून दूर जातो तो जाऊ द्या. जो राहतो त्याला घरी जेवायला बोलावा, आणि त्याच्या घरी जेवायला जा. जातिव्यवस्थेने रोटीव्यवहारावरच पहारा बसवला होता, तो मोडायचा तर ताटाला ताट लागले पाहिजे.

"समाजावर अत्याचार होत असताना हे काय मैत्रीचे आणि घराचे घेऊन बसलात?" असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो. अत्याचाराच्या रात्री धावून कोण येते? ज्याच्याशी घरोबा आहे तो. साक्ष फिरवायला दबाव आला तर कोण टिकते? ज्याच्या पाठीशी घर उभे आहे तो. खटला दहा वर्षे चालला तर कोण सोबत राहते? मित्र. पदाधिकारी तोवर बदललेले असतात. दीर्घ लढाई लढायची असेल तर माणसे टिकली पाहिजेत, आणि माणसे भाषणांवर टिकत नाहीत.

बाबासाहेबांनी धम्मात करुणेच्याही पुढे मैत्री ठेवली. करुणा माणसापुरती, मैत्री सगळ्या जीवमात्रांसाठी. एवढी विशाल मैत्री शिकायची तर सुरुवात जवळून करावी लागेल. शेजारच्या खोलीत झोपलेल्या बापापासून, रोज डबा भरून देणाऱ्या आईपासून, बहिणीपासून, बायकोपासून, आणि तीन वर्षे न भेटलेल्या त्या एका मित्रापासून. ही माणसे आज आपल्या वेळेची वाट पाहत आहेत.

जयभीम!